दाराकडची बाजू

दयाबाई मकासरे यांच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्यांनी तक्रार केली नाही म्हणून.

१९४३ सालचा पावसाळा सरत आला होता. मी नगरच्या ट्रेनिंग स्कूलमधून नुकताच बाहेर पडलो होतो आणि मिशनने मला नेवासे तालुक्यातल्या आपल्या खेड्यांतल्या शाळांवर फिरतं काम दिलं होतं. शाळेत जायचं, पाट्या-पुस्तकं पोचवायची, मुलांचं वाचन ऐकायचं आणि नगरला कळवायचं. त्या वर्षी पोचवण्यासारखं फारसं काही नव्हतं. लढाईमुळे कागद मिळत नव्हता. समुद्रापलीकडच्या ज्या मंडळ्या या शाळा चालवायला मदत पाठवत, त्यांची एक पेटी कशीबशी मुंबई बंदराला लागली. उघडली तर आत लोकरीचे पायमोजे, रंगीत चित्रांची कार्डं आणि निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या. देणाऱ्यांनी मन लावून भरलेली पेटी होती. वाचायच्या पुस्तकांची मात्र दर शाळेला एकेकच प्रत वाट्याला आली.

ती एक प्रत हातात ठेवली की मास्तर मंडळी माझ्यावरच उखडत. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तर पोतडी उलटी करून झटकून पाहिली. म्हणाले, "प्रभुदास, एवढंच? मग बाकीच्या पोरांना काय, बाहुल्या वाचायला देऊ?"

सोनईहून पुढे दगडी रान तुडवत करजवाडीला पोचलो. महारवाड्याच्या कडेला मातीच्या भिंतींची एक खोली होती, तीच शाळा आणि रविवारी तेच उपासनेचं ठिकाण. मागच्या पडवीत दयाबाईंचा संसार. उंच, सावळ्या, अठ्ठावीस-तीस वर्षांच्या बाई. त्यांनी सलाम केला, पुस्तक घेतलं, पदराने पुसलं. "आणखी आहेत का?" असं विचारलं नाही. "का नाहीत?" असंही नाही. आत जाऊन त्यांनी ते पुस्तक सारवलेल्या जमिनीवर मधोमध उघडं ठेवलं आणि वाचती आठ मुलं सवयीने त्याच्याभोवती पालथी पडली. डावीकडे तिघं, उजवीकडे तिघं, पलीकडे दोघं. लहान मुलं भिंतीशी, मोठ्यांनी काढून दिलेली अक्षरं धुळीत बोटांनी गिरवत होती.

पुस्तकाच्या अलीकडची, दाराच्या बाजूची जागा मोकळी होती. उजेड दारातूनच येत होता, म्हणून ती मोकळी ठेवली असावी असं मला वाटलं. मुलं भराभर वाचत होती. मी पुस्तकात डोकावत होतो आणि बोट ठेवायच्या आत ती ओळ संपवून पुढे जात होती. मी नगरला लिहिलं, करजवाडीचं वाचन उत्तम.

दयाबाईंची एकुलती एक मुलगी, कृपा, त्या श्रावणात तापाने गेली होती. हे मला त्यांनी सांगितलं नाही, बनुबाईने सांगितलं. बनुबाईचं घर शाळेला लागून. शाळेतला सगळ्यांत तल्लख मुलगा सहादेव हा तिचा धाकटा. तोंडाची फटकळ बाई, पण मला दर खेपेला भाकरी तिच्याकडेच मिळे.

"कृपी गेली तवाधरनं बाई अशी हाय," ती म्हणाली. "रडली न्हाई. मातीला गेलो, परत आलो, तर बाईनं घंटा वाजवली. पोरं गोळा केली. आमी बायका बघतच राह्यलो. माझी सासू म्हनली, बाई दगूड झाली. म्या म्हनलं, म्हातारे, तू गप ऱ्हा, तुला दगूड तरी कवा होता आलं!"

"आणि त्यांचे यजमान, थॉमसराव?"

"तो तिकडं इराकात. पलटनीत मोटार चालवितो. त्याला कागूद गेला, पन रजा न्हाई भेटली."

दयाबाई कामात कुठे चुकत नव्हत्या. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता, तो वेळेवर वाजे. मुलांची नखं पाहत, डोकी पाहत. कुणी विचारलं तर उत्तर देत, तेवढंच. हसत नव्हत्या आणि रागावतही नव्हत्या. पूर्वी त्या मुलांना फार रागवायच्या असं सहादेव मला एकदा म्हणाला, आणि त्या आता रागवत नाहीत याचं त्याला बरं वाटत नव्हतं.

त्या शाळेचं मोल वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वाड्यातली बरीच माणसं पलटणीत गेली होती. त्यांची पत्रं आधी सोनईच्या बाजारात नेऊन कुणाच्या तरी हातापाया पडून वाचून घ्यावी लागत. आता घरातलीच मुलं वाचत. बनुबाईचा थोरला सैन्यात होता. त्याने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं की ती ते आपल्या दोन्ही हातांत धरून बसे, सहादेव समोर बसून वाचे.

"त्याच्या हातात देत न्हाई मी," ती मला म्हणाली. "माझ्या ल्योकाचं कार्ड हाय, माझ्या हातात पायजे. पोरगं समोरून वाचतंय की घडाघडा."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. त्यात काही असेल असं तेव्हा डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात करजवाडीला सरकारी तपासणी आली, तेव्हा मी तिथेच होतो. या शाळांना मिशनखेरीज सरकारचीही थोडी ग्रँट असे, आणि ती वार्षिक परीक्षेवर ठरे. नगरहून मिशनचं स्पष्ट पत्र आलं होतं की परदेशची मदत आटली आहे. जिची ग्रँट जाईल ती शाळा आम्हाला चालवता येणार नाही. शाळा बंद झाली तर दयाबाईंना नगरला मुलींच्या बोर्डिंगवर नेणार होते. आणि मुलांना गावातली लोकल बोर्डाची शाळा होती. कायद्याने ती सर्वांना उघडी होती. पण वाड्यातलं पोर गेलं की त्याला बाहेर ओट्यावर बसवत. तिथून फळा दिसत नसे, आणि मास्तर पाटी हातात न घेता लांबूनच बघत. बनुबाईचा थोरला तिथे वर्षभर जाऊन बसला होता. त्याला एक अक्षर आलं नाही.

तपासणीला आलेले साहेब पुण्याकडचे होते. टोपी, कोट, धुरळ्याने बसलेला आवाज. लोक त्यांना दिपोटीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी बाईंकडे पाणी मागितलं आणि प्यायले. त्या काळी त्या वाड्यात एवढ्यावरून माणूस कळत असे.

त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि पुस्तक पहिल्यांदा सहादेवच्या हातात दिलं. सहादेवने ते घेतलं, गर्रकन उलटं फिरवलं आणि वाचायला लागला. चिमणीच्या घरट्याचा धडा होता. एकदाही न अडखळता त्याने पान संपवलं.

साहेब माझ्याकडे बघून हसले. "पाठांतर झकास करून घेतलंय हं!" मग सहादेवला म्हणाले, "बाळ, पुस्तक सरळ धर आणि आता वाच."

त्यांनी ते स्वतःच सरळ करून त्याच्या हातात दिलं. सहादेवने पाहिलं. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"साहेब, हे उलटं हाय."

"उलटं नाही रे, सरळ आहे."

"न्हाई साहेब. रेघ वर गेलीय. अक्षरं खाली लोंबायलीत."

मुलं खुसूखुसू हसली. ती साहेबांना हसत होती. साहेबांनी पुस्तक दुसऱ्या मुलीच्या हातात दिलं. राही तिचं नाव, आठ-नऊ वर्षांची. तिने ते आडवं केलं, मान किंचित कलती केली आणि वाचायला लागली. तिच्या शेजारच्या मुलाने ते विरुद्ध अंगाला आडवं केलं. साहेबांनी आपल्या बॅगेतून एक छापील पत्रक काढलं, मुलांनी कधी न पाहिलेलं. सहादेवने तेही उलटं धरून वाचलं. दोन जोडाक्षरांवर अडला, बाकी नीट.

"वाचतात हो!" साहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. "हे बसतात कसे?"

"दाखवू का साहेब?" असं म्हणून सहादेवने पुस्तक नेहमीच्या जागी मांडलं आणि सगळी आपापल्या जागी पालथी पडली. डावीकडे तिघं, उजवीकडे तिघं, पलीकडे दोघं. जो ज्या बाजूने शिकला त्याला त्याच बाजूची अक्षरं येत होती. आणि पुस्तक ज्या बाजूने सरळ दिसतं, त्या दाराकडच्या बाजूला कुणी नव्हतं.

साहेबांनी दयाबाईंकडे पाहिलं. "बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो साहेब."

"मग या बाजूला कुणाला बसवत का नाही?"

राही पालथी पडल्या पडल्याच म्हणाली, "तिथं कृपी बसती."

"कोण कृपी? आज आली नाही का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ते समजले. थोडा वेळ चष्मा पुसत बसले.

"हे पाहा," शेवटी ते बाईंना म्हणाले, मला नाही. "मुलं वाचतात हे मी पाहिलं. पण पास असं मला लिहिता येणार नाही. उद्या ही मुलं पुढच्या शाळेत जातील, कचेरीत जातील. तिथं कुणी यांच्यासाठी पाटी उलटी टांगणार नाही. मी आत्ता काहीच लिहीत नाही. नाताळ झाला की शेवगावहून याच वाटेनं परत जाईन, तेव्हा ऐकेन. पुस्तक सरळ धरून."

"बरं साहेब," दयाबाई म्हणाल्या. दुकानदाराने भाव सांगावा आणि आपण बरं म्हणावं, तशा.

साहेब गेल्यावर वाड्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बनुबाईने शाळेच्या दारात येऊन आधी मलाच धारेवर धरलं.

"मास्तर, तुमी एवढं शिकल्यालं, तुमाला न्हाई दिसलं? माझं मी म्हनते, मला काळी रेघ बी कळत न्हाई. म्या कार्ड उलटं धरते का सुलटं, देवाला ठावं!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाईला मी काय सांगू? माझी जीभ न्हाई रेटत. पन माझं हे पोरगं बी आता त्या ओट्यावर बसायचं का?"

तिचे डोळे भरले आणि ती निघून गेली.

दुपारी मुलं पाण्याला गेली होती. दयाबाई धुळीवरून हात फिरवून लहान मुलांची अक्षरं पुसत होत्या. मी म्हटलं, "बाई, कुणाला उठवायला नको. जागा आहे तशी राहू द्या. नुसतं पुस्तक फिरवायचं. आज राहीकडे सरळ, उद्या सहादेवकडे. पंधरवड्यात जमेल मुलांना."

त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "भाऊ, ते मला कळतं."

"मग?"

"पुस्तक फिरवलं की तिच्याकडून उलटं येतं."

त्यांनी धूळ सारखी केली, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत.

"ती लहान," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "नुकतं वाचायला लागली होती. म्हणून सरळ बाजू तिला दिली होती. बाकीची मोठी, कशीही वाचत होती. म्हटलं नवीन पुस्तकं आली की प्रत्येकाला मिळेल. पण लढाई संपेना."

हे सगळं त्यांनी हजेरी सांगावी तसं सांगितलं. आवाज कुठे वर-खाली झाला नाही. मग घागरी घेऊन येणाऱ्या मुलांचा गलबला ऐकू आला आणि त्या उठून पुढे गेल्या.

मी त्या रात्री बनुबाईच्या ओसरीवर झोपलो. सकाळी सोनईला परतायचं होतं, पण घंटा झाली म्हणून शाळेत डोकावलो. मुलं प्रार्थना म्हणून आपापल्या जागी पडली होती. त्यांच्यात गडबड नव्हती. साहेब काय म्हणाले ते त्यांनाही घरोघर समजलं होतं. दयाबाईंनी पुस्तक आणलं आणि नेहमीसारखं ठेवलं, दाराकडे सरळ. पान उघडलं. मग त्या तिथेच गुडघ्यांवर बसून राहिल्या.

कुणी वाचायला सुरुवात केली नाही. एका लहान्याला शिंक आली. बाहेर कोंबड्या होत्या.

दयाबाईंनी पुस्तकावर हात ठेवला आणि ते फिरवलं. एकदम नाही, जमिनीवरून सरकवत, हळूहळू, पानाचा वरचा काठ दाराकडे येईपर्यंत. आता ते सहादेवकडे सरळ होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

सहादेवला एक अक्षर लागेना. शाळेतला सगळ्यांत तल्लख मुलगा पहिल्या दिवसाच्या पोरासारखा बोट ठेवून बसला. "बाई, मला न्हाई येत," तो म्हणाला आणि त्याला रडू यायला लागलं.

"येईल. हे घरटं आहे. घ कुठंय, बघ."

त्याने घ शोधला. मग र. दयाबाई शेजारी बसून होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे काही नव्हतं. दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. मी निघालो तेव्हा सहादेव तिसऱ्या ओळीवर होता.

नाताळानंतर साहेब खरोखर परत आले. मुलांनी पुस्तक सरळ धरून वाचलं. वाईट वाचलं. जी पोरं घडाघडा वाचत होती ती अडखळत, घाम पुसत, एकेक शब्द लावत होती. राहीची मान अजून कलती होत होती आणि साहेब बोटाने तिची हनुवटी सरळ करत होते. शेवटी त्यांनी पास लिहिलं. बनुबाईने त्यांना शेंगांचं गाठोडं दिलं. साहेबांनी नको नको म्हणत घेतलं. दयाबाईंनी सलाम केला. शाळा राहिली.

मला वाटलं होतं, त्या दिवशी बाई तरी काही बोलतील, रडतील, निदान बसून राहतील. त्यांनी साहेबांची खुर्ची ज्या घरची होती त्या घरी पोचती केली आणि दुसऱ्या वर्गाचे पाढे घेतले.

जूनमध्ये मी पाट्या घेऊन गेलो तेव्हा नवी मुलं आली होती. त्यांच्यात आसाराम म्हणून एक होता, आजोळहून आलेला, चार अक्षरं शिकून आलेला. त्याला वाड्यातलं काही ठाऊक नव्हतं. मोठी मुलं वाचायला पालथी पडली, तसा तो कुठे जागा आहे ते बघत आला आणि दाराकडच्या बाजूला जाऊन पडला. दोन्ही कोपरं टेकली, हनुवटी तळव्यांवर ठेवली.

सगळी मुलं बाईंकडे बघायला लागली. राही अर्धी उठली. आसारामला काही समजेना, तो हसला.

दयाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ नाही.

"पाय बाहेर काढू नकोस," त्या म्हणाल्या, "येणारा-जाणारा तुडवील."

आसारामने पाय आत ओढून घेतले. त्या दिवशी पुस्तक त्याच्याकडेच सरळ होतं.

नंतरची वर्षं थोडक्यात सांगतो. लढाई संपल्यावर पुस्तकं पुन्हा मिळू लागली, मुलांना एकेक मिळालं आणि भोवती पालथं पडायची रीत आपोआप गेली. थॉमसराव ४६ साली परत आले. साखर कारखान्यावर ट्रक चालवत. नवरा-बायको एकमेकांशी नीट वागत, पण फारसं बोलत नसत असं लोक सांगतात. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. पुढे शाळा बोर्डाकडे गेली आणि दयाबाई बोर्डाच्या नोकरीत. करजवाडीतून त्यांनी बदली मागितली नाही आणि आली तेव्हा नाकारलीही नाही. शेवटची काही वर्षं राजूरच्या बाजूला डोंगरात काढली. थॉमसराव तिथेच वारले. सहादेव रेल्वेत लागला. ओट्यावर त्याला बसावं लागलं नाही. वाड्यातल्या त्या पिढीतल्या कुणालाच नाही. राही नर्सिंग शिकली आणि संगमनेरला दवाखान्यात नोकरीला लागली. लग्न करून तिथेच राहिली. बाई एकट्या पडल्या तेव्हा तिने जाऊन त्यांना आणलं.

कृपाबद्दल त्या आपण होऊन एकदाच माझ्याशी बोलल्या, पुष्कळ वर्षांनी, एसटीच्या स्टँडवर भेट झाली तेव्हा. माझ्या नातीची चौकशी चालली असता मी म्हणालो की ती सहा वर्षांची आहे, वाचायला शिकतेय. दयाबाई म्हणाल्या, "कृपा तेवढीच होती." मग त्यांची गाडी लागली आणि त्या चढल्या.

आता त्या सत्तरीला टेकल्या आहेत. राहीच्या घरी मागच्या खोलीत राहतात. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं, उजव्याचं व्हायचं आहे. रोज सकाळी डेअरीतून दूध आणायला त्या स्वतः जातात आणि बरोबर कुणाला येऊ देत नाहीत.